सोळा तास, आठ गाठी

९ एप्रिल, सकाळ

ही डायरी १ जानेवारीपासून लिहायची होती. एका बियाणं कंपनीच्या माणसानं ती बाबांना दिली, बाबांनी मला दिली आणि म्हणाले, लिहिण्यासारखं काही केलंस की लिही. त्यामुळे उशीर झाला. दोष माझा एकट्याचा नाही. फेब्रुवारीच्या पानांवर काही फोन नंबर आहेत. कोणाचे ते आठवत नाही.

आता मात्र रोज लिहिणार. कारण आजपासून मी मेडिकल लाइनमध्ये आहे.

काम असं : गडचिरोलीकडच्या गावांतून टीबीच्या तपासणीचं रक्त मोटरसायकलवर चंद्रपूरच्या लॅबमध्ये आणायचं. मला फिरायला आवडतं. म्हणजे हे काम माझ्यासाठीच काढलं असावं.

बाबांना फोन केला. बाबा वरोऱ्याला बाजार समितीत वजनकाट्यावर असतात, म्हणून त्यांना मोजायची सवय. म्हणाले, ही आठवी नोकरी. मी म्हटलं, सातवी. मग त्यांनी एकेक करून सांगितल्या. बल्लारपूरचं गेटवरचं काम मी विसरलो होतो, पण ते चारच दिवस केलं होतं. मोहर्लीला सफारी गाइड व्हायला गेलो होतो तेव्हा एकोणीस दिवस काढले. तिथं वाघानं सहकार्य केलं नाही.

बाबा म्हणाले, प्रणित, लोकाइचं रक्त आहे बे, जरा ध्यान ठेव.

ठेवणार.

११ एप्रिल

लॅबच्या दिव्यानी मॅडमनी ट्रेनिंग दिलं. मी पूर्ण समजलो. इथं उतरवून ठेवतो, पुढं नवीन मुलांना शिकवायला उपयोगी पडेल.

घरात एकाला टीबी झाला की बाकीच्यांच्या अंगात जंतू शिरून झोपून राहू शकतो. खोकला नाही, ताप नाही. माणूस धडधाकट. थुंकी तपासून काही कळत नाही. म्हणून रक्ताला विचारायचं. रक्तात शिपाई असतात. ते टीबीच्या जंतूला एकदा भेटले की विसरत नाहीत.

प्रत्येक माणसाच्या चार नळ्या. एकीत काहीच नाही. दोनमध्ये टीबीच्या जंतूचे तुकडे. (मी म्हटलं, जंतूचा फोटो दाखवल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, हो, तसं समजा.) चौथीत असं औषध, की ते लागलं की जिवंत शिपायानं बोंब मारलीच पाहिजे. मग नळ्या एक रात्र ३७ डिग्रीला ठेवायच्या आणि कुठल्या नळीत किती बोंब झाली ते मशीननं मोजायचं. टीबीच्या नळीत बोंब झाली तर जंतू अंगात आहे. छातीचा फोटो काढून आजार सुरू झालेला नाही ना बघायचं आणि तीन महिने, आठवड्यातून एकदा गोळ्या. पुढचा टीबी टळतो.

शिपाई जिवंत पोचले पाहिजेत, एवढंच माझं काम. मॅडमनी तीन ओळींचा कागद पिशवीच्या झाकणावर आतून चिकटवला :

बर्फ नाही.
ऊन नाही.
सोळा तासांच्या आत.

मी विचारलं, शिपायांना किती दिवस आठवतं? म्हणाल्या, वर्षानुवर्षं. मग विचारलं, काल दिलेला फॉर्म तुम्हाला आठवतोय का? फॉर्म आठवत होता. कुठं ठेवला ते आठवत नव्हतं.

माझ्यावर छाप पडली असावी. पिशवी देताना दोनदा माझ्याकडं बघितलं.

१२ एप्रिल

तयारीचा दिवस.

ठराव : १) पहाटे चारला उठणे. २) रस्त्यात कुठंही न थांबणे. ३) गाडीच्या नंबर प्लेटचा एक नट पडला आहे, तो बसवणे.

उठलो साडेआठला. पण आज जायचंच नव्हतं.

मनकर्णा आत्यानं पिशवी बघितली. (चंद्रपूरला मी आत्याकडं राहतो. तात्पुरता. दोन वर्षं झाली.) म्हणाली, फ्रिजमधला बर्फ घेऊन जा, या उन्हात रक्त नासून जाईल. तिला समजावलं, लस बर्फात जाते, हे रक्त नाही जात, थंडीनं शिपाई गारठतात. शेजारच्या मेडिकलवाल्यालाही समजावलं. पेट्रोल पंपावरच्या पोरीला समजावलं. आज एकूण पाच जणांना समजावलं. जनजागृती हाही कामाचा भाग आहे.

नट उद्या.

१५ एप्रिल, संध्याकाळ, बेलटोला

पोचलो. साडेतीन तासांचा रस्ता साडेसहा तासांत केला, कारण पहिलीच वेळ होती आणि ओळखी करून ठेवणं गरजेचं.

मूल आणि सावलीच्या मधे, जंगलाला लागून, पत्रूभाऊचं चहा-कुल्फीचं दुकान आहे. भला माणूस. त्याला बर्फाचं समजावायला घेतलं होतं, पण त्यानं मधेच सांगितलं की गेल्या हप्त्यात दुकानामागच्या नाल्यावर वाघ बसला होता. मग विषय वाघावर गेला. मी मोहर्लीचा माणूस म्हटल्यावर त्यानं चहा पुन्हा नव्यानं केला, स्पेशल दिला. बर्फाचं राहिलं.

बेलटोला म्हणजे धानोऱ्याकडच्या जंगलातली वीस-बावीस घरं. इकडं वाडीला टोला म्हणतात. प्रत्येक अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. पुनमताई इथं रक्त काढायला आल्या आहेत. त्यांनी आल्या आल्या विचारलं, दुपारी बाराला येणार होतास ना? मी म्हटलं, रस्ता स्टडी करत आलो.

अडचण केसरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईची आहे. तिच्या मुलाला, सुनिलला, टीबी आहे. औषध चालू आहे, तो बरा होतो आहे. घरात बाई, सून बुधरी आणि नात रीना, नऊ वर्षांची. तिघींचं रक्त घ्यायचं. बाई नाही म्हणते. आणि बाई नाही म्हणाली की टोल्यातले बाकी तेवीस जणही हात मागं घेतात.

पुनमताई दुपारपासून समजावून थकल्या होत्या. मी पुढं झालो. ट्रेनिंग झालेला माणूस मीच होतो.

शिपायांचं सगळं सांगितलं. बाईनं मोहाची फुलं निवडत निवडत ऐकलं. मग म्हणाली, बापू, तू चांगला सांगतेस. पन आमचं रक्त याच्या आधी तीनदा नेलन. एकदा म्हणे सिकल, एकदा म्हणे मलेरिया, एकदा कायचं होतं ते नेणाऱ्यालेई नाई माहीत. रक्त गेलं. कागद एकदाई नाई आला. चांगला असो का वाईट असो, कागद आला पायजे ना? आमच्या अंगातलं होतं ते.

मी म्हटलं, कागद मी स्वतः आणून देतो.

बाई म्हणाली, कवा?

मी म्हटलं, आठ दिवसांत.

पुनमताईंनी माझ्याकडं बघितलं. त्या पंधरा म्हणणार होत्या असं नंतर कळलं. पण आठ म्हटल्यावर वजन पडतं.

बाईनं माझ्या गाडीकडं बघितलं. मग आत जाऊन अंबाडीची दोरी आणली, दोन तुकडे केले आणि दोन्हीला आठ-आठ गाठी मारल्या. एक स्वतःच्या घराच्या खांबाला बांधली, एक मला दिली. यांच्याकडं लग्नाचं, कामाचं असंच चालतं. दोघांनी रोज एक गाठ सोडायची. शेवटची सुटली त्या दिवशी भेट.

म्हणाली, गाठी सोडासाठी हाये, ठेवासाठी नाई.

मी रीतसर दोन्ही हातांनी घेतली. जबाबदारीची भावना आली. जेवणात मोहाची भाजी होती, चांगली होती.

१६ एप्रिल

७.३० : तिघींचं रक्त निघालं. बाकी तेवीस जण म्हणाले, आधी बाईचा कागद येऊ दे. बारा नळ्या. रीना रडली नाही. तिनं विचारलं, या रक्ताला गाडीवर भेव नाई वाटणार का? मी म्हटलं, मी आहे ना. बाईनं नळ्या पिशवीत जाईपर्यंत मोजल्या. मग माझ्या हातावर मूठभर चारोळ्या ठेवल्या. निरोपाला जोहार म्हणाली. मीही म्हणालो.

मुदत रात्री साडेअकराची. मी दुपारी साडेअकरालाच पोचणार.

८.०५ : निघालो. कुठंही थांबणार नाही.

९.४० : गडचिरोली. थांबलो नाही, फक्त नाश्ता केला.

१०.२५ : नंबर प्लेट रस्त्यात पडली. परत जाऊन शोधून आणली. सुतळी नव्हती. खिशात बाईची दोरी होती, तिनं बांधली. गाठींमुळे पकड घट्ट येते. दोरीचा उपयोगही झाला आणि ती समोर राहणार, म्हणजे विसरायचं कारण नाही.

११.०० : पत्रूभाऊचं दुकान. पुढं रस्त्यावर गाड्यांची रांग. वाघ रस्त्याच्या कडेला बसला आहे म्हणे. लोक आरडाओरड करून राह्यले, कोणी फोटो काढते, कोणी हॉर्न वाजवते. एकालाही काही कळत नाही. इथं माहितगार माणसाची गरज आहे. ऊन ४४ डिग्री. पिशवी उन्हात नेणं नियमाविरुद्ध, म्हणून पत्रूभाऊकडं ठेवली. त्याला म्हटलं, भाऊ, पेशंटचं रक्त आहे, जिवापाड सांभाळा. तो म्हणाला, तुम्ही बिनघोर जा, गुरुजी.

गुरुजी म्हणाला.

११.१५ : अजून बारा तास पंधरा मिनिटं आहेत. भरपूर.

४.३० : गर्दीला शिस्त लावली. सगळ्यांना मागं सरकवलं, वाघाच्या सवयी सांगितल्या, वनरक्षक आला त्याला परिस्थिती समजावून दिली. त्यानं मलाही मागं सरकवलं. मला वाघ नीट दिसला नाही, पाठ दिसली. तीही बहुतेक खडक असावी असं एक जण म्हणाला. पण व्यवस्था महत्त्वाची.

४.४० : पिशवी मागितली. पत्रूभाऊनं कुल्फीची पेटी उघडली. पिशवी आत होती. बर्फात गळ्यापर्यंत. म्हणाला, एवढ्या उन्हात पेशंटचं रक्त बाहेर कसं ठेवू? चौदा कुल्फ्या बाहेर काढल्या, वितळून गेल्या, पण म्हटलं रक्त वाचलं पायजे. डोळ्यांत अभिमान होता त्याच्या.

त्यानं चौदा कुल्फ्यांचा त्याग केला होता. मी धन्यवाद म्हटलं.

४.५५ : शांतपणे विचार केला. नळ्या गार आहेत. गार वस्तू गरम करता येते. पिशवी उघडून टाकीवर उन्हात ठेवली, पंचवीस मिनिटं. बर्फ चुकीचा, ऊनही चुकीचं, दोन मिळून बरोबरी होते.

६.५० : लॅब. मुदतीच्या चार तास चाळीस मिनिटं आधी. मॅडमनी विचारलं, नीट आलं ना? मी वेळ दाखवली. वेळ नीटच होती. त्यांनी नळीला हात लावला, म्हणाल्या, जरा कोमट आहेत. म्हणजे बर्फाचा काही पुरावा उरलेला नाही. उगाच त्यांचं टेन्शन का वाढवा.

एकूण दिवस यशस्वी.

१८ एप्रिल

विश्रांती. गाठ सोडायची होती, पण सोडली तर नंबर प्लेट पडते. नट आणला की सगळ्या एकदम सोडीन.

२० एप्रिल

रिपोर्ट आला. तिघींचाही एकच : अनिर्णित.

मला बरं वाटलं. क्रिकेटमध्ये ड्रॉ म्हणजे हरलो नाही.

मॅडमना तसं वाटलं नाही. म्हणाल्या, चौथ्या नळीत बोंब झालीच नाही. तिघींच्याही नाही. शिपाई लॅबमध्ये यायच्या आधीच संपले. आता या कागदावरून जंतू आहे म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. एकीचं झालं असतं तर समजू शकते, तिघींचं कसं?

मी म्हटलं, एकाच घरातल्या आहेत.

त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. ही नजर ट्रेनिंगच्या दिवसापेक्षा वेगळी होती.

परत रक्त काढावं लागणार. आधी नळ्यांचा नवीन लॉट यायचा आहे, त्याला वेळ आहे.

२२ एप्रिल

वाईट प्रकार. पत्रूभाऊनं पिशवीवरचा फोन नंबर लिहून ठेवला होता. आज त्यानं लॅबला फोन केला. रक्त बरं आहे का विचारायला. मॅडमना म्हणाला, काळजी करू नका मॅडम, साडेपाच तास पूर्ण बर्फात होतं, मीनं झाकणई उघडू दिलं नाई कोनाले, कुल्फी मागासाठी लोक बोंबलत होते.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बर्फात गेलं ते त्या माणसाच्या चांगुलपणानं गेलं. पण तुम्हाला साडेसहाला माहीत होतं. त्याच वेळी सांगितलं असतं तर मी पुनमला फोन केला असता, दुसऱ्या दिवशी सकाळी परत रक्त निघालं असतं. बाईला एकदाच समजवावं लागलं असतं.

तांत्रिकदृष्ट्या ६.५० होते. हे मी बोललो नाही. माझ्यात बराच बदल होतो आहे.

मॅडमनी रिपोर्टचा कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या, तुम्ही शब्द दिला ना, मग तुम्हीच जा. हा कागद द्या, काय झालं ते खरं सांगा आणि परत रक्त मागा. तोपर्यंत पिशवी मिळणार नाही.

ठराव : उद्या पहाटे चारला निघणे.

२३ एप्रिल

उद्या म्हणजे परवा धरायला हवं होतं. आज आत्याचा कूलर बसवायचा होता. आत्या म्हणते, तिनं सांगितलंच नव्हतं. पण गरज होती.

पाण्याचा पंप उलटा बसला. तो काढणं उद्यावर.

२४ एप्रिल

रक्त नेलं त्याला आज आठवा दिवस. बाईच्या खांबावरची शेवटची गाठ आज सुटली असेल.

माझ्या दोरीला मात्र आठही शाबूत आहेत. या हिशेबानं माझा पहिला दिवसही अजून झालेला नाही. दोन माणसांच्या घड्याळात फरक असू शकतो.

दुपारी बुधरीचे चार मिस्ड कॉल. टोल्यात रेंज नाही, फोन करायला तिला मागच्या टेकडीवर चढावं लागतं. चार वेळा चढली की एकदाच चढून चार वेळा लावला, हे कळायला मार्ग नाही. उचलायच्या आत बंद झाला. चारही वेळा.

२५ एप्रिल

पुनमताईंचा फोन. चुकून उचलला.

म्हणाल्या, केसरबाई काल सकाळपासून रस्त्याला येऊन बसली होती, बस आली की उठायची, गेली की बसायची. कागद काऊन नाई आला रे?

मी म्हटलं, मशीन बिघडलं आहे.

त्या म्हणाल्या, मशीन बिघडलं तर दुसऱ्या गावाचे रिपोर्ट काल मले कसे आले?

मी म्हटलं, ते दुसरं मशीन.

मग म्हणाल्या, हे पाय प्रणित, त्या पोरीच्या गोळ्या या कागदावर थांबल्या. तेवीस माणसं बाईकडं बघून थांबली. बाई तुझ्याकडं बघून थांबली. तू कोनाकडं बघून राह्यला?

चांगला प्रश्न आहे. विचार करायला हवा.

२७ एप्रिल

निघालो! पहाटे चार ठरलं होतं, ९.२० ला निघालो, पण निघालो. कागद या डायरीत ठेवला, डायरी पाठीवरच्या बॅगेत.

मूलपर्यंत विनाथांबा. मूलला माझा जुना मित्र आदेश भेटला. तो मोहर्लीला चालला होता, तिथं गाइड घेऊन राह्यले म्हणे, ओळखीचा माणूस आहे. मोहर्ली उलट्या दिशेला आहे हे मला माहीत आहे. पण बाईंसमोर जायचं तर स्थिर नोकरीचा माणूस म्हणून जावं. बोलण्याला किंमत येते.

३० एप्रिल, मोहर्ली

तीन दिवस झाले. ओळखीचा माणूस रजेवर आहे. आदेश एका रिसॉर्टच्या किचनमध्ये लागला. मला विचारलं, पण माझी लाइन मेडिकल.

इथं शांतता आहे. बाईंना काय सांगायचं ते नीट बसवून काढलं. चार पद्धती तयार आहेत.

पहिली : ऊन फार होतं. (खरं आहे.)
दुसरी : विज्ञानात अनिर्णित असं असतंच. (हेही खरं.)
तिसरी : एका भल्या माणसानं चांगल्या मनानं बर्फात ठेवलं. (पूर्ण खरं. फक्त मी कुठं होतो तेवढं येत नाही.)
चौथी लिहायला घेतली होती. "बाई, मी वाघ बघायला थांबलो" एवढं लिहिलं. पुढं पेन चालेना. पेन स्वस्तातलं आहे.

संध्याकाळी आदेशला विचारलं, कोणाला शब्द दिला आणि तो मोडला तर काय करायचं? तो कांदे चिरत होता. म्हणाला, जाऊन सांगाचं. मी म्हटलं, त्याच्या आधी? म्हणाला, त्याच्या आधी काई नाई.

आदेशला या विषयाचं ट्रेनिंग नाही.

२ मे, चंद्रपूर

परत आलो. कपडे धुवायचे होते.

लॅबमध्ये गेलो. मॅडमनी विचारलं, दिला कागद? मी म्हटलं, जवळजवळ.

म्हणाल्या, नळ्यांचा नवीन लॉट आला. मी पुनमला खरं काय झालं ते सांगितलं आहे. ती बाईला सांगायला तयार आहे. पण बाईनं तिला विचारलं, ज्या पोरानं रक्त नेलं तो जिवंत आहे ना? गाडीवरून कुठी पडला तर नाई? म्हणजे सोळा दिवस बाईला तुमची काळजी. आता ५ तारखेपर्यंत बघते, मग आयकार्ड परत द्या.

म्हाताऱ्या बाईला माझी काळजी वाटते हे ऐकून आयकार्ड खिशात उलटं घातलं. उन्हानं फोटो खराब होतो.

३ मे

बाबांचा फोन. विचारलं, नोकरी कशी आहे. मी म्हटलं, ग्रामीण भागात माझी आठवण काढतात.

म्हणाले, गेली का ही पण?

त्यांनी गणती थांबवावी असं वाटतं. माणूस काट्यावर उभा असला तरी पोराला सारखं वजनात धरू नये.

आज नट आणला. बसवायला पाना नाही.

४ मे

आज जाणारच होतो. गाडी काढली, किक मारली, सुरू झाली. फाटकापर्यंत आलो. मग विचार आला, पोचलो आणि बाईनं काहीच म्हटलं नाही तर? शिव्या दिल्या तर ऐकता येतात. मोहाची भाजी वाढली तर काय करायचं?

गाडी परत लावली. इंजिनाचा आवाज बरोबर नव्हता.

५ मे, सकाळी ६.१०

आज शेवटचा दिवस. आज खरंच लवकर उठलो. हे डायरीत पहिल्यांदाच खरं आहे.

अंतिम ठराव :
१) सात वाजता निघणे.
२) चौथी पद्धत सांगणे. सुरुवातीचं वाक्य आहे, बाकीचं तिथं सुचेल.
३) मूलला मान वर न करणे. पत्रूभाऊकडं चौदा कुल्फ्या एकट्यानं विकत घेऊन खाणे, पण येताना.
४) बाई नाही म्हणाली तर रस्त्याला बसून राहणे. बस आली की उठणे, गेली की बसणे.

कागद तपासला. १ जानेवारीच्या पानात सुरक्षित आहे. अनिर्णित हा शब्द आज तितकासा चांगला दिसत नाही.

मन एकदम हलकं आहे. हा निर्णय आधीच घ्यायला हवा होता. आत्ता लगेच निघालो असतो, पण सात ठरलं आहे, आणि ठरावाप्रमाणे वागायला शिकायचं आहे. तोपर्यंत थोडं लिहितो.

६.४०

आत्या आत येऊन गेली. म्हणाली, ओट्यावर एक म्हातारी आणि एक पोरगी येऊन बसली आहे. काल दुपारी निघाल्या, रात्री पुढची बस नव्हती म्हणून गडचिरोलीला पुनम नावाच्या बाईकडं झोपल्या, पहाटेच्या बसनं आल्या. पत्ता कागदावर लिहून आणला आहे. म्हातारीच्या मुठीत एक दोरी आहे, साधी, एकही गाठ नसलेली.

मी म्हटलं, काय करून राहिली?

आत्या म्हणाली, तुझ्या गाडीमागं खाली बसून नंबर प्लेट पाहून राह्यली. बोटानं काहीतरी मोजलं. आठ म्हणाली.

मी विचारलं, रागात आहे का?

आत्या म्हणाली, रागात नाई वाटत. तू धडधाकट हायेस का ते आधी विचारलन. मग चहा घेतलन. पोरीच्या फ्रॉकची बाही वर दुमडून ठेवली आहे, स्वतःचीही. लॅब कवा उघडते विचारत होती. मी म्हटलं, माझा भाचा येईल, तो नेईल. तर म्हणाली, नोको. त्याले म्हणा आता तकलीप घेऊ नोको. या वख्ती रक्त मीनंच आणलं, अंगातच ठेवून. रस्त्यात कुठीच थांबली नाई.